घरच्या रीफ टँकसाठी ३० हजारांत कोणता कॅमेरा घ्यावा?

कळंब्याची_रीफ (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. घरी तीन फुटी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेला टँक आहे. ९० बाय ४५ बाय ४५ सेंमी, म्हणजे साधारण १८० लिटर. झोअँथस (थोडक्यात झोआ), मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप आणि एक लेदर, सगळी सॉफ्ट कोरल. मासे म्हणाल तर क्लाउनफिशची जोडी आणि एक फायरफिश. या टँकचे फोटो काढायला कॅमेरा घ्यायचाय. लेन्ससकट बजेट ३० हजार, सेकंडहँड चालेल.

कशासाठी हवाय ते आधी सांगते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. स्लाइडवरचा रंग बघून रिपोर्ट लिहिणं हे रोजचं काम, त्यामुळे रंगाच्या बाबतीत मोघम बोललेलं मला चालत नाही. टँकमधल्या एका झोआच्या वसाहतीचा नारिंगी रंग पावसाळ्यापासून उतरत चाललाय असं मला वाटतंय. घरच्यांना तो आहे तसाच दिसतो. फोनमधले जुने फोटो शेजारी-शेजारी लावले, तर त्यातून काहीच ठरत नाही. एका फोटोत सगळं जांभळं, दुसऱ्यात पांढुरकं, तिसऱ्यात नारिंगी झोआ चक्क गुलाबी. लाइट तीच, टँक तोच.

मला असे फोटो हवेत की जानेवारीतला आणि जूनमधला समोर ठेवला, तर दिसणारा फरक कोरलचाच आहे असं छातीठोक सांगता यावं. शिवाय पॉलिपचं, म्हणजे वसाहतीतल्या एकेका जीवाचं, तोंड आणि कडेची झालर जवळून स्पष्ट दिसली पाहिजे. दुकानात विचारलं तर दोन लेन्सचं नवं किट घ्या म्हणाले. त्यातली मोठी लेन्स माझ्या काय कामाची, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मिररलेस घ्यावा, डीएसएलआर घ्यावा की चांगला फोनच घ्यावा? मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून मोठं दाखवणारी, लागतेच का?

बिंदूचौक_अ‍ॅक्वा

ताई, खर्च करायच्या आधी एक करून बघा. नाटकाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या लाइटवाल्यांकडे रंगीत जिलेटिन पेपर मिळतो. नारिंगी आणि गडद पिवळा, दोन्ही तुकडे आणा आणि फोनच्या लेन्ससमोर सपाट धरा. निळा निम्म्याहून जास्त कापला जातो, हिरवे-नारिंगी रंग वर येतात. फोनला प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायची सोय) केल्विन आकडा जाईल तेवढा वर न्या. आमच्या दुकानात माशांचे आणि कोरलचे फोटो असेच काढतो, गिऱ्हाइकाला पाठवायला पुरतात. सुरकुती पडलेला कागद मात्र वापरू नका, फोटो धुरकट येतो.

कळंब्याची_रीफ

दादा, जिलेटिन आणलं, फरक खरंच मोठा आहे. धन्यवाद. पण फोन प्रत्येक वेळी आपल्या मनानं रंग आणि उजेड बदलतो. एकाच मिनिटात काढलेले दोन फोटोसुद्धा जुळत नाहीत. ते थांबवता आलं तरच माझं काम होईल.

हुपरी_चांदी

ताई, मी हुपरीत चांदीच्या मालाचे फोटो काढतो. पैंजण, जोडवी, कमरपट्टे. रोज शेकडो नग. या महिन्यात काढलेला पैंजण आणि मागच्या वर्षी काढलेला पैंजण व्यापाऱ्याला एकाच पानावर सारखाच दिसला पाहिजे, नाहीतर माल वेगळा म्हणून परत येतो. त्यामुळे तुमची गरज मला नेमकी कळली. माझ्याकडे टँक नाही, पण मेहुण्याकडे आहे आणि त्याचे फोटो मीच काढतो.

बॉडी जुनी घ्या आणि पैसे लेन्समध्ये घाला. तुमच्या कामाला दहा वर्षांपूर्वीचा सेन्सरसुद्धा भरपूर आहे. कॅनन ७०० डी बघा. २०१३ चं मॉडेल, १८ मेगापिक्सेल, रॉ फाइल (कॅमेऱ्यानं रंग न बदललेली) देतो, स्क्रीन बाहेर काढून हवी तशी फिरवता येते. टँकचा खालचा कोपरा काढताना गुडघ्यावर बसून मान वाकडी करायची वेळ येत नाही, ही सोय छोटी वाटते पण तुम्ही जास्त फोटो काढाल ते तिच्यामुळंच. भाच्यासाठी मी गेल्या दिवाळीत अशीच बॉडी १४ हजारांना घेतली. उरलेल्या पैशात कॅननची जुनी १०० एमएम एफ/२.८ मॅक्रो, लाल पट्टी नसलेली, सेकंडहँड शोधा. थोडी घासाघीस केली तर ३० मध्ये बसतं. निकॉन घ्यायचा झाला तर एक बघा, डी ३००० आणि डी ५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर ऑटोफोकस करत नाहीत.

मॅक्रो लागतेच का? थोडा हिशोब करू. ७०० डीचा सेन्सर २२ मिलिमीटर रुंद. किटमधली १८-५५ एसटीएम लेन्स अगदी जवळ नेली तर ०.३६ पट दाखवते, म्हणजे फोटोच्या रुंदीत सहा सेंटिमीटरचा भाग येतो. आख्खी वसाहत काढायला तेवढं चांगलं आहे. पण एक सेंटिमीटरच्या पॉलिपची झालर, तोंडाभोवतीची रेघ बघायची तर १:१ वाली लेन्स हवी. तिच्यात तेच २२ मिलिमीटर पूर्ण फोटोभर पसरतात, दोन पॉलिपमध्ये फोटो भरतो. दुकानदारानं सांगितलेल्या किटमधली लांबची लेन्स पक्षी किंवा स्टेजवरचा कार्यक्रम काढायला चांगली, ती इतक्या जवळ फोकसच करत नाही.

आता रंगाचं. तुमच्या लाइटमध्ये ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा रॉयल ब्लू भरलेला असतो. त्या उजेडात कॅमेऱ्याच्या निळ्या भागात पूर येतो आणि लाल भाग कोरडा राहतो. मग नंतर कितीही दुरुस्त करा, जो लाल नोंदलाच गेला नाही तो आणायचा कुठून? म्हणून नोंदीचे फोटो निळ्या लाइटमध्ये काढूच नका. लाइटचा पांढरा चॅनल वर, निळा खाली, आणि ते टक्के कागदावर लिहून टँकच्या कपाटाला आतून चिकटवा. दर वेळी तेच टक्के. कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर, आयएसओ, छिद्र आणि शटर तेच. फाइल रॉ.

७०० डीत केल्विनचा आकडा घालायची सोय नाही, कस्टम व्हाइट बॅलन्स आहे. पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा घ्या, दर वेळी फोटोपुरता कोरलच्या शेजारी, त्याच खोलीवर ठेवा आणि लगेच काढा. आत राहिला तर शेवाळ बसून हिरवा होईल आणि मग त्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. पहिला फोटो त्या तुकड्यासकट. कॉम्प्युटरवर त्या तुकड्यावर क्लिक करून पांढरा ठरवला की बाकीच्या सगळ्या फोटोंना तेच लागू होतं. लाइटरूममध्ये हा आकडा ५०,००० केल्विनपर्यंत जातो, त्यामुळे टँकच्या उजेडाला कमी पडत नाही. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे.

अजून एक, कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा. सगळ्यांची बेरीज दाखवणारा आलेख बरोबर वाटतो तेव्हा निळा कधीच उजव्या भिंतीला जाऊन आदळलेला असतो. निळा भिंतीपासून सुटेपर्यंत फोटो काळोखा करा, नंतर उजळता येतो.

कळंब्याची_रीफ

दादा, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. पीव्हीसीचा तुकडा म्हणजे आमच्या लॅबमधला कंट्रोलच झाला, लगेच पटलं. एक अडचण आहे. ज्या झोआबद्दल मी बोलतेय ती काचेपासून साधारण १५ सेंमी आत, दगडाच्या कपारीत आहे. एवढ्या आतलं १०० एमएमनं घेता येईल? आणि कुणी ६० एमएम स्वस्तात देत असेल तर चालेल?

हुपरी_चांदी

येईल, आरामात. १०० एमएमवर जवळात जवळ ३१ सेंमी असं लिहिलेलं असतं, पण ते सेन्सरपासून मोजलेलं असतं. १:१ ला लेन्सच्या तोंडापुढं सुमारे १५ सेंमी जागा उरते. पाणी इथं तुमच्या बाजूनं आहे, कारण पाण्यातली वस्तू सरळ समोरून बघितली की पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते. १५ सेंमी पाण्याचे कॅमेऱ्याला साधारण ११ वाटतात, काच धरून १२. म्हणजे काचेच्या बाहेर तीन सेंमी मोकळे राहतात आणि त्यात काचेतली चमक अडवणारा रबरी हूड बसतो.

कॅननच्या ६० एमएमला १:१ साठी तोंडापुढं नऊ-दहा सेंमीच मिळतात. तुमच्या कपारीपर्यंत ती पोचेल, पण पूर्ण मोठं दाखवणार नाही. पुढच्या दगडावरचं कोरल असतं तर मीच घ्या म्हटलं असतं, हलकी आहे आणि धारदार आहे.

पण रोजच्या नोंदीला १:१ वापरूच नका. एफ/८ ला तिथं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जाडी स्पष्ट येते, पॉलिपचं तोंड धरलं की झालर गेली. अर्ध्या पटीला, एफ/११ ला, दोन-अडीच मिलिमीटर मिळतात आणि सपाट उघडलेला झोआ त्यात मावतो. फोकस हातानं करा. स्क्रीनवर चित्र दहापट मोठं करून रिंग फिरवा. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर.

इचलकरंजी_रीफवाला

ताई, सॉफ्ट कोरल ठेवलीत ते चांगलं केलंत. ज्यांना पुढं हार्ड कोरल घ्यायचीत त्यांच्यासाठी सांगतो, रीफ बांधणारी सगळी दगडी कोरल, सी फॅन, ऑर्गन पाइप हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हाय. आपल्या समुद्रातनं काढलेलं कुणी द्यायला लागलं तर हात लावायचा नाही.

आता फोटोचं. हुपरीच्या दादांनी कॅमेऱ्याचं सांगितलं, मी टँककडनं सांगतो. वेव्हमेकर (पाणी हलवणारा) आणि रिटर्न पंप (टँकमध्ये पाणी परत सोडणारा) दोन्ही बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. पाण्यात तरंगणारा कचरा खाली बसला पाहिजे, नाहीतर पांढऱ्या ठिपक्यांनी फोटो भरतो. पंप परत चालू करायची आठवण म्हणून मोबाइलवर गजर लावा, हे चुकवू नका. काच आदल्या दिवशी आतनं घासा, त्याच दिवशी घासली तर सगळं पाण्यात उडालेलं असतं. बाहेरनं मिठाचे ओघळ ओल्या फडक्यानं पुसा. खोलीतली लाइट बंद, खिडकीचा पडदा ओढलेला, अंगात गडद कपडा. पांढरा शर्ट काचेत दिसतो.

आणि कॅमेरा काचेला काटकोनात धरा. तिरका धरला की पाणी आणि काच मिळून रंग फाडतात, कडांना निळी-तांबडी रेघ येते आणि चित्र मऊ पडतं. कितीबी महागडी लेन्स लावा, ते जात नाही. फोकस बरोबर हाय, तरी फोटो साफ का येत नाही, असं विचारणाऱ्यांत बहुतेकांचं कारण हेच निघतं.

एलईडी कमी टक्क्यांवर चालवली की काही दिव्यांत उजेड भराभर चालू-बंद होत असतो. डोळ्याला दिसत नाही, पण जलद शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. पट्टे आले तर तो चॅनल पूर्ण १०० वर न्या किंवा शटर हळू करा. कोरल हलत नाही, तुम्हाला १/३० सुद्धा चालेल. क्लाउन काढायचा तर १/२०० लागतंय, आयएसओ १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा.

लेन्सच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं हाय. मी १०० एमएम घेतलीच नाही. जुनी ५५-२५० झूम आणि तिच्या तोंडावर रेनॉक्स डीसीआर-२५० नावाची चिमट्यानं बसणारी भिंग-लेन्स. आठ डायॉप्टर, म्हणजे साडेबारा सेंमीवर फोकस. झूम फिरवला की आकार बदलतो, १३५ ला १:१ च्या जवळ जातंय. खर्च निम्म्याहून कमी. टँकच्या पुढच्या भागातलं सगळं मी यानंच काढतो.

हुपरी_चांदी

रेनॉक्स चांगलीच आहे, माझ्याही बॅगेत आहे. पण ताईंची कपार बारा सेंमी वाटणाऱ्या अंतरावर आहे, म्हणजे लेन्स काचेला टेकवावी लागेल आणि हूडला जागा राहणार नाही. शिवाय झूम दर वेळी त्याच खुणेवर आणणं अवघड. महिन्या-महिन्याचे फोटो ताडून बघायचे असतील तर न फिरणारी लेन्स बरी. १०० एमएमची रिंग अर्ध्या पटीच्या आकड्यावर ठेवायची आणि आख्खा कॅमेरा पुढं-मागं करून फोकस साधायचा, आकार दर वेळी तोच येतो. मनात असलं तर आधी रेनॉक्सनं सुरुवात करा, पैसे जमले की १०० घ्या. एक्स्टेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारी नळी) कुणी सुचवली तर पितळी टाचण्या असलेलीच घ्या. साध्या ट्यूबवर कॅननचं छिद्र कॅमेऱ्यातून कमी-जास्त होत नाही.

इचलकरंजी_रीफवाला

तेबी खरं हाय. नोंदीसाठी १०० घ्या ताई. आणि नोंदीत फोटोबरोबर नायट्रेट, फॉस्फेट लिहा. पाण्यात दोन्ही शून्याला टेकले की झोआ फिक्के पडतात, लाइट एकदम वाढवली तरी पडतात. नुसता रंग उतरला एवढं कळून पुढं काय करायचं ते समजणार नाही.

राजारामपुरी_स्टुडिओ

जुना माल घेताना काय बघायचं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडच्या पावसात लेन्सला बुरशी धरते. कोकणातून आलेली लेन्स असेल तर अजून जपून. दोन्ही टोपणं काढा, मागच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडा. साधे धुळीचे चार कण असतील तर घ्या, फोटोत दिसत नाहीत.

बॉडीत एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे डाग म्हणजे सेन्सरवर धूळ, ती साफ होते. फिरणाऱ्या स्क्रीनची बिजागरी हलवून बघा, स्क्रीन मध्येच काळी होत असेल तर नको. शटर किती वेळा पडलंय ते विचारा. ७०० डीचं शटर एक लाखाच्या हिशोबानं बनवलेलं आहे. लग्नाच्या फोटोग्राफरची बॉडी असेल तर ते आधीच संपत आलेलं असतं, घरगुती वापरातली बघा.

घेतल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. टँकशेजारच्या कपाटात ठेवू नका, तिथं बाष्प आणि मीठ दोन्ही असतं. हात पाण्यात घालून आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन, कोरडे करूनच कॅमेऱ्याला हात लावा.

कळंब्याची_रीफ

मंडळी, घेतला. ७०० डी, एका शिक्षकांच्या घरातला, जेमतेम वापरलेला. १०० एमएम मॅक्रो पुण्याहून मिळाली. दोन्ही मिळून ३१ हजार झाले. टॉर्च मारून बघितली, आत काही नाही. राजारामपुरीच्या दादांचे आभार, आधी एक स्वस्त मिळत होती तिच्यात धागे होते.

पांढरा ६०, निळा २० टक्के, एफ/११, आयएसओ ४००, पंप बंद, पीव्हीसीचा तुकडा शेजारी. पहिल्यांदाच मला माझ्या टँकचा खरा नारिंगी फोटोत दिसला. वसाहतीच्या उजव्या बाजूचे पॉलिप खरोखर फिक्के आहेत, डाव्या बाजूचे नाहीत. एकाच फोटोत, एकाच उजेडात. म्हणजे कारण लाइट किंवा पाणी नसावं, नाहीतर सगळीकडे सारखं झालं असतं.

म्हणून फिक्क्या बाजूचे १:१ ला जवळून काढले. एका अर्धवट मिटलेल्या पॉलिपच्या देठाशी तीन-चार मिलिमीटरचं काहीतरी आहे. पाठीवर नारिंगी-तपकिरी बोटांसारखे झुपके, टोकं बरोबर झालरीच्या रंगाची. आधी मला तो लहान पॉलिपच वाटला. पुढच्या फोटोत तो सरकलेला आहे. याला तोंडाकडे दोन शिंगं पण दिसतात. फोटो जोडलाय, कुणी ओळखेल का?

इचलकरंजी_रीफवाला

ताई, ही झोआ खाणारी न्यूडिब्रँक. गोगलगायीच्याच जातीतली, पण शंख नसतो. खाल्लेल्या झोआचा रंग अंगात घेते म्हणून दिसत नाही. शिंगं दिसली म्हणजे शंका नको.

तो दगड आज रात्रीच बाहेर काढा. आधी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा. झोआत पॅलिटॉक्सिन असू शकतं, डोळ्यात किंवा जखमेत गेलं तर दवाखाना गाठावा लागेल. दगड उकळायचा नाही, गरम पाण्यात घालायचा नाही, घासायचा झाला तर पाण्याखालीच. टँकच्याच पाण्यात कोरल डिप, म्हणजे किडी पाडायच्या औषधात बुडवणं, करून घ्या, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ, आणि पंपानं किंवा पिचकारीनं पॉलिपच्या मधल्या फटीत जोरात पाणी मारा. पडलेल्या मोजा.

डिपनं अंडी मरत नाहीत. पॉलिपच्या देठाला, वसाहतीच्या खालच्या कडेला पांढरी गुंडाळी दिसेल, ती चिमट्यानं काढायची. दर आठवड्याला परत डिप, निदान चार-पाच आठवडे. आणि डावीकडच्या चांगल्या पॉलिपचे देठ त्याच १०० एमएमनं १:१ ला काढून टाका, तिथं गुंडाळी आहे का ते आत्ताच कळेल.

कळंब्याची_रीफ

मोजे आहेत, लॅबचा चष्मा आणते. डावीकडचे फोटो आत्ता मोठे करून बघितले. दोन गुंडाळ्या आहेत, एक देठाला, एक दगडाच्या खालच्या कडेला. दगड काढायच्या आधी त्यांची जागा दिसेल असा एक फोटो पाइपच्या तुकड्यासकट घेऊन ठेवते, पुढच्या आठवड्यात ताडून बघायला.